आत्याला ‘नको’ म्हणताना

दूर समुद्रातल्या बेटावर, नुकुआलोफा शहरात चटया विणणारी लोसालिने भारी हट्टी बाई. पायात खिळा घुसलेला तिला दोन दिवस कळला नाही, कारण रक्तातल्या साखरेनं पाऊलच बधिर केलं होतं. जखम चिघळली. डॉक्टरांनी दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवला आणि बजावलं, “मंगळवारपर्यंत साखर ताब्यात राहिली तर अंगठा वाचेल. नाहीतर कापावा लागेल.”

सेन्सर रक्तातली साखर फोनला सांगे आणि काय खायचं ते फोन लोसालिनेला. शेजारणीला सहज पचणारा पाव हिच्या रक्तात आग लावायचा. उकडून गार केलेलं कोनफळ मात्र चालायचं. शनिवारी बाजारात ती फोन बघून एकेक ढीग ओलांडत गेली.

“कोबी घ्यायलाही फोनची परवानगी लागते काय गं?” भाजीवाल्या खिदळल्या.

तिनं मान वर केली नाही. अंगठा त्यांचा थोडाच जाणार होता!

रविवारी चर्च सुटल्यावर वाइसिमा आत्या आली. बापाची बहीण, म्हणजे घरातला शेवटचा शब्द. ती मागेल ते द्यायचं, वाढेल ते खायचं. तिला ‘नाही’ म्हणणारं माणूस त्या घराण्यात अजून जन्माला आलं नव्हतं.

आत्यानं भांड्याचं झाकण काढलं. नारळाच्या पाकात बुडालेले गोड उंडे.

“पहाटेपासून राबलेय. खा.”

“आत्या, मी मघाशीच जेवले...”

“चिपाड झालंय तुझं! फोनला विचारून जेवणारी बाई कुणी पाहिली होती का? खा म्हणते ना!”

कोपऱ्यात बसलेला लोसालिनेचा भाऊ खाली बघू लागला. तिनं एक उंडा उचलला. ओठांपर्यंत नेला आणि तिला मंगळवार आठवला.

“नको, आत्या.”

उंडा भांड्यात परत गेला. तिनं पट्टी बांधलेला पाय पुढे केला. “हा अंगठा कापायचं म्हणतायत. तुमचा मान डोक्यावर, पण हे मी खाणार नाही.”

आत्यानं पायाकडे बघितलं. मग तिनं हात पुढे केला. “तो फोन दे इकडे.”

आत्या मागतेय, म्हणजे द्यायलाच हवा. लोसालिनेनं तो छातीशी घट्ट धरला. “काय घ्यायचं, काय खायचं, सगळं त्यात आहे. आपटू नका, आत्या.”

“आपटतेय कशाला? बरं, तूच वाच काय काय लिहिलंय ते. मीही तेच खाईन. तुझा बाप माझा भाऊ, रक्त एकच ना आपलं?”

आत्यानं झगा घोट्याच्या वर ओढला. टाचेवर काळीनिळी जखम होती. महिनाभर तिनं ती सगळ्यांपासून लपवली होती.

लोसालिनेनं वाकून ती जखम बघितली. “माझी यादी तुम्हाला चालायची नाही. ज्याच्या त्याच्या रक्ताची तऱ्हा वेगळी. मंगळवारी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. आणि तोवर त्या उंड्यांना हात लावायचा नाही.”

हुकूम ऐकायची आत्याला सवय नव्हती. तिनं झगा खाली सोडला आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

“किती वाजता?” तिनं विचारलं.