आळशी चाफा

"वास घे. कोण आहे सांग."

एवढं म्हणून शेजारच्या आंटी अंगठ्याच्या नखाने फांदीची साल जराशी खरवडायच्या आणि ती फांदी वाकवून समोरच्याच्या नाकाखाली धरायच्या. समोर मी असो, फ्लायर टाकायला आलेला माणूस असो, नाहीतर पलीकडच्या घरातले चिनी आजोबा असोत. आजोबांना मराठी येत नव्हतं आणि आंटींना चिनी, पण ते इमानेइतबारे हुंगायचे आणि मान डोलवायचे. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांच्यासमोरून घाईत जाता येत नाही.

दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराची गोष्ट. कॅनडात, टोरांटोजवळच्या मार्कहॅममध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. आंटी मूळच्या वसईच्या, वडिलांची सोनचाफ्याची वाडी. इकडे एका नर्सिंग होममध्ये नोकरी करून त्या रिटायर झाल्या होत्या आणि आता मुलगा-सुनेबरोबर राहत होत्या. आमच्या भागात मॅग्नोलिया भरपूर. आम्ही सगळे त्याला "ते गुलाबी झाड" म्हणून मोकळे व्हायचो. आंटींना ते चालत नसे.

"अगं बाय, हे सगळे आपल्या सोनचाफ्याचे भाऊबंद. थंडी आली की आपण कपडे चढवतो, हे उतरवतात. एवढाच फरक."

मग फिरता फिरता ओळख परेड व्हायची. चिंध्यांसारख्या पांढऱ्या पाकळ्यांचा, बुटका, तो चांदणीवाला. आजोबांच्या दारातला, बाहेरून गुलाबी आणि आतून पांढरा, तो बशीवाला. ऐन हिवाळ्यात, झाडावर पान नसतानासुद्धा त्या नुसती कळी बघून सांगायच्या. "केसाळ, जाडजूड, ती फुलाची. बारीक, ती पानाची. पोट बघून कळतं."

गंमत म्हणजे एवढं जाणणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दारातल्या मॅग्नोलियाला कित्येक वर्षं एकही फूल आलं नव्हतं.

ते झाड अंकलनी आणलेलं. आंटी चाफ्याची आठवण काढतात म्हणून ते हंगाम संपतानाच्या सेलमधून एक रोप घेऊन आले. त्यावरची चिठ्ठी कधीच गळून पडली होती. "पिवळा आहे, दुकानदार म्हणाला," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. अंकल हा माणूस हायवेवर नेहमी चुकीच्या एक्झिटला उतरायचा आणि आंटींना दरवेळी चुकीच्या मापाचे बूट आणायचा. त्यामुळे पिवळ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पुढच्याच वर्षी अंकल गेले. आंटींनी मात्र तेव्हापासून हट्टच धरला.

"चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदाही बरोबर निघाला नाही. एकदा तरी निघू दे."

मुलाला ते झाड नकोच होतं. सुनेची गाडी आली होती, ड्राइव्ह-वे रुंद करायचा होता, आणि झाड नेमकं आड येत होतं. "मॉम, इट्स अ स्टिक," तो म्हणायचा. "यू हॅव अ स्टिक इन द ग्राउंड." मुलगा वाईट नव्हता. त्याने आईला आणखी एक वसंत दिला. पुढच्या वर्षी फुललं नाही, तर मेअखेर इंटरलॉकवाला, म्हणजे ड्राइव्ह-वेला विटा बसवणारा, येणार, असं ठरलं.

झाड का फुलत नाही ते आंटींनीच शोधून काढलं. फेब्रुवारीत फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच गोठणारा पाऊस झाला आणि पुढच्या रस्त्यावरच्या मॅग्नोलियाची एक फांदी मोडून फुटपाथवर पडली. आंटी ती घरी घेऊन आल्या. मी चहाला गेले होते. त्यांनी भाजीच्या सुरीने एक केसाळ कळी उभी चिरली. आत गुलाबी पाकळ्या घडी घालून बसल्या होत्या. अख्खं फूल, भर फेब्रुवारीत.

आंटींनी आणखी एक कळी चिरली, तीही तशीच. मग म्हणाल्या, "ही झाडं उन्हाळ्यातच कळी धरतात गं. सगळा हिवाळा पोटात घेऊन उभी असतात. आणि मी दर नोव्हेंबरला शेंडे छाटतेय."

वसईच्या वाडीत सोनचाफा छाटून बुटका ठेवतात, कारण पहाटे फुलं काढताना ती हाताला यावी लागतात. "झाड हाताखाली पाहिजे" हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. लेकीने ते कॅनडात प्रामाणिकपणे पाळलं आणि दरवर्षी स्वतःच्या हाताने सगळा बहर कापून टाकला. त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या वसंतात झाडावर अर्थातच काही आलं नाही, पण छाटणीची गोष्ट ऐकून मुलाने मुदत एक वर्ष वाढवली. उन्हाळा संपला तशी आंटींनी छाटणीची कात्री माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. मागितली तरी देऊ नकोस."

नोव्हेंबरात त्या दारात हजर.

"बाय, कात्री दे जरा. गुलाब छाटायचाय."

"आंटी, तुमच्याकडे गुलाब नाही."

"मग चहा तरी दे."

मेलं तरी सवय जात नाही. त्या हिवाळ्यात मी कात्री बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनमागे लपवली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

झाडाच्या शेंड्यांवर कळ्या राहिल्या. मोजक्याच, आणि आजोबांच्या झाडापेक्षा बारीक. एप्रिलमध्ये एक आठवडा छान ऊन पडलं आणि सगळ्या रस्त्यावरचे चांदणीवाले, बशीवाले भराभर उघडले. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोंचा पूर आला. आंटींचं झाड ढिम्म. मुलाने इंटरलॉकवाल्याला तारीख देऊन टाकली.

आणि मग एका रात्री अचानक पारा शून्याखाली गेला. सकाळी उठून बघतो तर रस्त्यावरचं प्रत्येक फूल तपकिरी, वापरलेल्या टी-बॅगा टांगल्यासारखं. आजोबा आपल्या झाडाखाली हात मागे बांधून उभे होते. आंटी गाऊनवर विंटर कोट चढवून बाहेर आल्या. आधी आजोबांजवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग येऊन आपल्या कळ्या एकेक चाचपल्या. घट्ट मिटलेल्या.

"झोपलाय अजून," त्या म्हणाल्या. "आळशी आहे. नवऱ्याने आणलेला ना. पण बघ, आळशी वाचतो."

मे उजाडून पंधरवडा झाला असेल. मी कामाला निघाले होते. आंटींनी हाक मारली नाही, नुसतं बोट दाखवलं. शेंड्यावर एक फूल उभं होतं, आणि ते पिवळं होतं. लोण्यासारखं फिकं नव्हे, चांगलं हळदीच्या बोटासारखं. दोन दिवसांत सगळे शेंडे पेटले. रस्त्यावर दुसरं एकही मॅग्नोलियाचं फूल शिल्लक नव्हतं. गाड्या थांबू लागल्या, लोक उतरून फोटो काढू लागले.

आंटींनी मुलाला ड्राइव्ह-वेवर उभं केलं.

"व्हॉट कलर?"

"येलो, मॉम."

"सो हू वॉज राइट?"

तो हसला. मग त्याने झाडाकडे पाहिलं. "डॅड," तो म्हणाला. "डॅड वॉज राइट."

"लाउडर. त्याला ऐकू कमी यायचं."

त्याने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय कळलं देव जाणे. आंटींनी एक फूल तोडून केसांत माळलं. "वास कमी आहे," त्या मला म्हणाल्या. "कॅनडात सगळ्यालाच वास कमी." पण त्या दिवशी त्या चर्चपासून ग्रोसरीपर्यंत ते फूल माळूनच फिरल्या. इंटरलॉकवाला आला, आंटींच्या हातची केक-कॉफी घेतली आणि झाडाला वळसा घालून विटा बसवून गेला. सुनेची गाडी तेव्हापासून जराशी वाकडी उभी राहते.

पुढे दोन बहर आंटींनी बघितले. त्यानंतरच्या मार्चमध्ये त्या गेल्या. झाडावर तेव्हा नुसत्या मिटलेल्या कळ्या होत्या. कात्री अजून माझ्याकडेच आहे. मी परत करायला गेले तर मुलगा म्हणाला, "नो, प्लीज. कीप इट हिडन."

त्याच मेमध्ये आमच्या रस्त्यावर एक नवं कुटुंब आलं. मी खिडकीतून पाहत होते. त्यातले गृहस्थ पिवळं झाड बघत थांबले, तसा मुलगा गाडीतून उतरला, झाडाशी गेला, अंगठ्याच्या नखाने साल खरवडली आणि फांदी वाकवून त्यांच्या नाकाखाली धरली. मराठीत तो आईशीसुद्धा कधी बोलला नव्हता.

"वास घे," तो म्हणाला. "कोण आहे सांग."