बंकरमधलं शेवटचं कडवं

समुद्राचं पाणी बंकरच्या दारात शिरलं, तेव्हा आमचा स्पीकर आत होता. तो तिथे ठेवणारा मीच, कॅमेरामन.

यवतमाळहून आम्ही पाच जण विशाखापट्टणमला म्युझिक व्हिडिओ शूट करायला गेलो होतो. बंकर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या जहाजांवर नजर ठेवायला बांधलेली सिमेंटची कोठडी. बंदुकीपुरती आडवी फट, एक दार. आता वाळूत तिरकी रुतलेली. सकाळी पाणी लांब होतं. आम्ही धरणाकाठची माणसं. गेट उघडल्याशिवाय पाणी जागचं हलत नाही, हीच आमची समजूत. भरतीची वेळ कोणीच विचारली नाही.

स्पीकर खरखरला आणि गेला. शूटिंगमध्ये रेकॉर्ड केलेलं गाणं मोठ्याने लावतात, गायिका त्यावर ओठ हलवते. त्याला प्लेबॅक म्हणतात. मोबाइलचा आवाज लाटांत ऐकूच येईना.

"अबे, सामान ठेवाले हेच घर भेटलं काय तुले?" डायरेक्टर संजूदादा ओरडले. "पॅकअप! शेवटचं कडवं कापून टाकू. संध्याकाळी गाडी आहे."

गायिका प्रज्ञा यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची. तिचं पहिलंच गाणं, बांधकाम मजुरांवर, स्वतः लिहिलेलं. शेवटच्या कडव्यात तिच्या बाबांचं नाव होतं.

"तेच कापाले इथवर आणलं काय मले, दादा?" म्हणत ती पाण्यातून आत गेली. कॅमेरा खांद्यावर घेऊन मी मागे.

तिने भिंतीवरून हात फिरवला. "हे पाह्य. सेंट्रिंगच्या फळ्या. माहे बाबा अश्याच ठोकते."

सेंट्रिंग म्हणजे सिमेंट ओतण्याआधी उभारलेला साचा. फळ्यांच्या रेषा, लाकडाच्या गाठी, सगळं भिंतीत उमटलेलं. एका कोपऱ्यात चार बोटांचे ठसे. बंदुका कोणाच्या होत्या ते इतिहास सांगतो. ही बोटं कोणाची, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

"चालू कर," प्रज्ञा म्हणाली आणि त्या ठशांजवळ हात टेकून गाऊ लागली. वाद्य नाही, ताल नाही. आवाज भिंतींवरून इतका भरून परतला की आणखी माणसं गात आहेत असं वाटावं.  मी फ्रेम हलू दिली नाही. कडवं संपलं तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं.

एडिटिंगला ओठ स्टुडिओच्या गाण्याशी जुळले नाहीत. संजूदादांनी तीनदा पाहिलं. "स्टुडिओवालं काढ," म्हणाले. "कॅमेऱ्यातला आवाजच राहू दे."

स्पीकर भंगारात गेला. आता पाण्याजवळ शूट असलं की परवानगीच्या कागदाआधी मी भरतीची वेळ विचारायला कोळ्याला गाठतो.