कमलच्या चपला दाराशी राहिल्या

"अशी बाई बायबलातच होती असं समजू नका," गुरुजी चर्चच्या पुलपिटावरून म्हणाले. "आपल्यातही एक आहे. दोन नवऱ्यांची दोन घरं करून झाली. भर उन्हात हातपंपावर जाते, कोणी पाहू नये म्हणून."

माना वळल्या. कमल भिंतीला टेकून बसली होती. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "दोनच काय?" तिघीचौघी हसल्या. कमल उठली. दारातल्या चपला न घालताच गेली.

हातपंपाचं गुरुजींना ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं होतं.

आमचे पाळक, म्हणजे पाद्री, वाशीमला राहतात, तीन खेडी सांभाळतात. महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी गुरुजी प्रवचन करायचे. रिटायर्ड मास्तर, मंडळीचे पंच. वर्षभराच्या शास्त्रपाठांचा कागद मात्र माझ्या भिंतीवर. मी चौथी शिकले. सोमवारी बायबलातून पाठ काढायचा, तूर निवडता निवडता मनात घोळवायचा, शनिवारी गुरुजी चहाला आले की उमगलेलं सांगायचं. ते वहीत उतरवायचे. वर म्हणायचे, "गावातला एखादा दाखला दे ना बाई. लोकाइले तोच पटते." मी द्यायचे. रविवारी माझं बोलणं त्यांच्या तोंडून आलं की सतरंजीवर बसल्या बसल्या अभिमानानं फुगायचे.

त्या आठवड्यात विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा पाठ होता: पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला येणारी, जिच्या जातीच्या हातचं यहुदी लोक घेत नसत. मी म्हटलं होतं, "गुरुजी, प्रभू तिले पहिले पाणी मागते. तिच्या हातचं. आपल्या कमलच्या हातचं कोण घेते? दुपारची जाते बिचारी पंपावर, बाया टोचून बोलतात म्हणून."

गुरुजींनी पाणी मागण्याचं सोडून दिलं. कमलचं तेवढं घेतलं.

आणि मी बसून राहिले. प्रार्थनेला उठले, आमेनसुद्धा म्हटलं.

उपासना सुटल्यावर त्यांना गाठलं. "म्या असं नव्हतं सांगतलं, गुरुजी."

चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत म्हणाले, "आता चौथी शिकलेली बाई मले प्रवचन शिकवन काय? सतरंज्या उचल पहिले."

मी उचलल्या. मग चपला घेऊन कमलकडे गेले. ती भाकरी थापत होती. मान वर केली नाही.

"पंपाचं कोनं सांगतलं?"

"म्या."

"अन् बाया हासल्या तवा तू काय करून राह्यली होती, काकू?"

"बसली होती."

"ठेव चपला. जाय."

शनिवारी गुरुजी वही घेऊन आले. मी चूल पेटवली नाही. म्हटलं, "तुमचा पाठ तुमी वाचा. माह्याजवळ तुमच्यासाठी काही नाही."

रविवारी प्रवचनाआधी मी उभी राहिले. "मागच्या वेळचा दाखला म्या पुरवला होता. कमलनं काही केलं नाही. केलं ते म्या."

"बस खाली," गुरुजी म्हणाले.

मी बसले नाही.

कमल अजून चर्चला येत नाही. माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? सोमवारी पाठ काढते तो आता कोणाला देत नाही. चर्चच्या ओट्यावर मीच सांगते, ज्या बाया थांबतील त्यांना. गुरुजींनी पाळकांकडे तक्रार केली आहे. करू द्या. मी सांगणार. दाखला लागला तर घरचाच देते. एक बाई भर मंडळीतून अनवाणी उठून गेली, आणि जिच्या तोंडामुळे गेली ती सतरंजीवरून हलली नाही.

न हललेली ती मी.