चौकशीला दिलेलं उत्तर

आमदार झाल्यापासून माझ्या परिचयपत्रकात एक ओळ न चुकता छापली जाते : ‘विद्यार्थिदशेतच परदेश दौरा.’ कार्यकर्ते ती सभेत वाचून दाखवतात आणि मी व्यासपीठावर चुळबुळत पाणी मागतो. तो दौरा माझा नव्हता.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकला कॉलेजात होतो, पिंपळगावकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. होस्टेलवर माझ्या खोलीत सायखेड्याच्या बौद्ध वस्तीतला एक मुलगा राहायचा. आमच्या विद्यार्थी संघटनेला पूर्व युरोपातल्या एका युवक मेळाव्याचं निमंत्रण आलं. जिल्ह्यातून एकच जाणार होता. मला इतकं जायचं होतं की जेवण जात नव्हतं. निवड झाली त्याची. तो माझ्यापेक्षा चांगला बोलायचा, हे मलाही कबूल होतं. त्याचं काही अडलं तर मी, असं ठरलं.

“लेका, तिकडं भाकर भेटंल का रं?” तो विचारायचा.

“नाही भेटली तर परत ये. जायला मी आहेच.”

आम्ही दोघंही हसायचो.

त्याच्या पासपोर्टच्या चौकशीला साध्या कपड्यातला पोलीस होस्टेलवर आला, तेव्हा तो गावी गेला होता. मी पोलिसाला कँटीनमध्ये चहा पाजला.

“पोरगा कसाय?”

“एक नंबर. मोर्चा म्हटला की हाच पुढे. शिष्यवृत्तीसाठी कलेक्टर कचेरीत घुसला होता. दोन दिवस कोठडीत काढले, पण माफी मागितली नाही.”

त्यानं बशी खाली ठेवली. “हे लिहून घेऊ?”

“घ्या की,” मी म्हणालो.

आमच्या संघटनेत कोठडी म्हणजे शाबासकीच होती. मी दोस्ताचं कौतुक केलं, असं पुढं वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो. पण पोलिसाचा तो प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये एक क्षण गेला होता, आणि त्या क्षणात मला विमान दिसलं होतं.

त्याचा पासपोर्ट आला नाही. माझ्या चौकशीला आमच्या गावच्या सरपंचांनी सांगितलं, “गरीब पोरगा. कुणाच्या अध्यात ना मध्यात.” माझा आला.

तिकडं मेळाव्यात माझी ओळख करून दिली ती त्याच्यासाठी आधीच पाठवलेल्या कागदावरून. नाव तेवढं बदललं होतं. ‘हक्कासाठी तुरुंगात गेलेला तरुण’ म्हटल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं. मी हात जोडले. मेळावा आठ दिवसांचा होता, मी महिनाभर भटकलो. कुणी बोलावलं की निघायचो. एका गावात दोन दिवस टिकत नव्हतो. आगगाडीत बसलं की उतरावंसं वाटायचं आणि उतरलं की पुढची गाडी कधी ते बघायचो.

परतलो तेव्हा तो स्टँडवर घ्यायला आला होता. “भाकर भेटली का?” एवढंच त्यानं विचारलं. होस्टेलपर्यंत मी तिकडच्या ट्रामविषयी बोलत राहिलो.

पुढं तो हायस्कूलात शिक्षक झाला. मी आमदार झालो त्या वर्षी एका सकाळी तो इंदिरानगरच्या घरी आला. बाहेर बसलेल्या लोकांसमोर मला ‘साहेब’ म्हणाला. आत आल्यावर त्यानं धाकट्या बहिणीचा पासपोर्टचा फॉर्म पुढं केला. ती नर्स होती, आखातात नोकरी मिळत होती. फॉर्मला आमदाराचा दाखला चालायचा. मी पेन उघडलं. मनात चांगली पाचसहा वाक्यं तयार होती : कर्तबगार, धडाडीची, अन्यायाविरुद्ध...

त्यानं कागदावर हात ठेवला.

“ओळखतो, एवढंच लिही. कौतुक करू नको.”

मी वर पाहिलं. तो फॉर्मकडेच बघत होता.

“तुला कधीपासून...”

“त्या पोलिसानंच आमच्या वडलांना सांगितलं होतं. तू तिकडं जायच्या आधीच. सही कर, तिला दुपारची ड्युटी हाय.”

म्हणजे स्टँडवर तो आला होता तो सगळं माहीत असून. मी लिहिलं, ‘यांना मी ओळखतो’, आणि सही केली. ती वाकडी आली. त्यानं ती उजेडात धरून नीट पाहिली, फॉर्मची घडी केली आणि म्हणाला, “चालंल.”