तर्री-पोह्यांचा हेड कोच

"झालं ना? मग सोडा. पुढचा डाव!"

सर्व्हर बसला, ट्रे हातातून निसटला, मॅनेजरने सगळ्यांदेखत झापलं, काहीही होवो. ते एक टाळी वाजवून हेच म्हणायचे. दोन हजारनंतरची ती पहिली-पहिली वर्षं. मी पुण्याहून वर्क परमिटवर कॉव्हेंट्रीला नुकतीच आले होते आणि त्यांचं डेस्क माझ्या शेजारी होतं. पन्नाशीला टेकलेले, बुटके, गोलसर, मूळचे नागपूरचे. हा सारखा 'डाव, डाव' करणारा माणूस पत्त्यांचा शौकीन असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "काय गं बाई, रविवारी मोकळी आहेस काय? साखळी धरायला माणूस पाहिजे."

कसली साखळी, हे विचारायला गेले आणि अडकले.

रविवारी बघते तर चिखलाने भरलेलं मैदान, हेल्मेटं घातलेली धिप्पाड गोरी पोरं, आणि त्यांच्यापुढे माकडटोपी घालून शिट्टी फुंकणारे आमचे हे डेस्कशेजारी. युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे हेड कोच! पगार शून्य. या खेळात दहा यार्ड पुढे सरकलं की संघाला पुन्हा नव्याने संधी मिळते. ते अंतर मोजायला दोन काठ्यांना बांधलेली एक साखळी असते. त्यातली एक काठी माझ्या हातात आली ती कायमचीच.

तरुणपणी ते अमेरिकेत शिकत होते, तेव्हा कॉलेजच्या स्टेडियमवर जर्सी धुण्याचं काम करायचे. तिथे त्यांना हा खेळ चढला. "तुम्ही स्वतः कधी खेळलात?" मी विचारलं.

"ना बा! मला कोण घेईल? कोणी बॉल समजून फेकून द्यायचा."

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या मॅच हरलो, आणि नुसते हरलो नाही, पार धुतले गेलो. हा देश फार सभ्य लोकांचा. शेवटी-शेवटी समोरचे टचडाउन केल्यावर, म्हणजे बॉल आमच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेल्यावर, आम्हाला 'सॉरी' म्हणायला लागले. आमचं पहिलं टचडाउन झालं तेही घसरून पडल्यामुळे. आमचा सर्वांत जाडा गडी पडला, त्याच्या पोटाखाली बॉल सापडला, आणि जागा नेमकी हवी ती होती. आनंदाच्या भरात कोच मैदानात धावले आणि चिखलात पोटावर घसरत थेट रेफरीच्या पायाशी जाऊन थांबले. रेफरीने त्यांना हात देऊन उठवलं आणि मग मैदानात शिरल्याबद्दल आम्हाला दंड ठोकला.

दुसऱ्या वर्षी त्यांनी डावांना नागपुरी खाण्याची मराठी नावं दिली, म्हणजे समोरच्यांना काही कळायला नको. 'तर्री' म्हणजे उजवीकडून जोरात, 'पोहे' म्हणजे मधून मुसंडी, 'सांबारवडी' म्हणजे नुसती हूल. रविवारी सकाळी कॉव्हेंट्रीच्या थंडीत ती पोरं "टरी, टरी, हट!" असं ओरडायची, तेव्हा कुत्री फिरवायला आलेले आजोबा थबकून बघत राहायचे.

"आणि त्यांच्यात कोणी मराठी मुलगा निघाला तर?" मी शंका काढली.

"निघू दे ना. त्याला भूक लागेल, अर्थ नाही लागणार."

खरे तर्री-पोहे कोचच्या बायको, आमच्या वहिनी, आणायच्या. प्रॅक्टिसनंतर डब्यापुढे रांग लागायची. तिखटाने लालबुंद झालेली, नाकं पुसणारी ती पोरं पुन्हा ताटली पुढे करायची. रांगेत पहिला असायचा तो क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, सगळा डाव चालवणारा गडी. उंच, तांबूस केसांचा, आईचा एकुलता एक. गाव वॉटफर्ड, म्हणून आम्ही आपसात त्याला 'वॉटफर्डकर' म्हणायचो. त्याच्या जोरावर आम्ही जिंकायला लागलो आणि तिसऱ्या वर्षी सेमीफायनलला पोचलो.

त्या मॅचमध्ये वॉटफर्डकराला जबर धडक बसली. तो उठला, हसला, "आय अ‍ॅम फाइन, कोच!" म्हणाला. आम्ही थोडेच मागे होतो. कोचनी त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून विचारलं, "टरी म्हणजे कुठे?"

तो अगदी नम्रपणे म्हणाला, "नो थँक्स. मला चहा नको."

मी हसले. कोच हसले नाहीत. त्यांनी त्याला बाहेर बसवलं. पोरगा भांडला, रडला. कॅप्टन म्हणाला, "कोच, शेवटची पाच मिनिटं, प्लीज!" कोच नुसते मान हलवत राहिले. बदली गड्याच्या हातून बॉल सुटला आणि आम्ही अगदी थोडक्यात हरलो. पोरांनी हेल्मेटं आपटली. कोच तोवर वॉटफर्डकराला गाडीत घालून हॉस्पिटलला निघाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला मार बसलाय, काही महिने खेळ बंद. पोरगा तरीही घुश्शातच होता. ती मॅच माझी होती, एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर कोचशी बोलणं सोडलं.

उन्हाळ्यात क्लबच्या कमिटीने कोचना पबमध्ये बोलावलं. इंग्लंडमध्ये माणसाला काढायचं असलं की आधी त्याचं भरपूर कौतुक करतात. कोच बराच वेळ खूश होते. मग त्यांना कळलं की नवा कोच ठरलाय, खराखुरा अमेरिकन. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी टाळीची वाट बघत होते. ते चष्मा पुसत बसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला आणि त्यांनी हळूच विचारलं, "साखळीची दुसरी काठी कोणाकडे आहे गं?"

आणि हेड कोच माझ्याबरोबर साखळी धरून उभे राहिले. साखळीवाल्यांनी तटस्थ राहायचं असतं. ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. त्यांच्यासाठी ही शिक्षाच होती. "डावीकडे बे, डावीकडे..." असं पुटपुटणं मला ऐकू यायचं. संघाने टचडाउन केलं की ते काठीलाच मिठी मारायचे. अमेरिकन मोठा मोकळा माणूस होता. मॅच संपल्यावर यायचा आणि विचारायचा, "बोला, कुठे चुकलो?" मग दोघे चिखलात उभे राहून तासभर वाद घालायचे. वॉटफर्डकर पुन्हा खेळायला लागला होता, पण आमच्या शेजारून जाताना मान वळवायचा.

पुढच्या वर्षी कंपनीने आमचं प्रोजेक्ट गुंडाळलं. मला ब्रॅकनेलला नोकरी मिळाली. कोच आणि वहिनी नागपूरला परतायचं ठरवून मोकळे झाले.

मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेले. चॉकलेटांनी ठासलेल्या बॅगा प्लॅटफॉर्मवर ओढत असताना कोणीतरी मागून एक बॅग उचलली. वॉटफर्डकर होता. त्याच्या मागे एक बारीकशी बाई उभी होती, नर्सच्या गणवेशावर कोट घातलेली. तिने कोचचा हात दोन्ही हातांत धरला.

"मी त्याची आई. त्या दिवशी तुम्ही त्याला पुन्हा खेळू दिलं असतंत तर..." एवढंच बोलली.

एरवी प्रत्येक प्रसंगाला भाषण तयार असलेले कोच पार गडबडले. "मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "हा सकाळी काही खाऊन येत नाही. तुम्ही जरा बघा."

ती रडता रडता हसली. पोराने बॅगा डब्यात चढवल्या. उतरताना तो वाकला आणि त्याने कोचना असं कवेत घेतलं की क्षणभर त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. "सॉरी, कोच," तो म्हणाला. कोचनी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

गाडी हलली. खिडकीतून दिसलं, वहिनी डोळे पुसत आमच्याकडे हात हलवत होत्या. कोचचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. समोरच्या अनोळखी गृहस्थाचा कॉफीचा कप त्यांनी टेबलाच्या मधोमध सरकवला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना साखरेच्या पुड्या मांडल्या होत्या, आणि ते बोटाने रेघ ओढून काहीतरी समजावत होते. गृहस्थाने कपाकडे हात नेला. मग तो मागे घेतला, आणि पुढे वाकून बघायला लागला.