दर्याचं दर्याला

शेवंतामावशी माझ्या आईची धाकटी बहीण, आणि हट्टात तिचा हात धरणारं आमच्या कोळीवाड्यात कोणी नव्हतं. एका तुफानात तिच्या नवऱ्याचे, जगनकाकांचे, दोन्ही भाऊ बुडाले. काका वाचले, पण मासेमारीचा मचवा नुसता दिसला तरी ते पाठ फिरवून घरात शिरत.

"यांना परत दर्यावर नाय धाडायची मी," म्हणत मावशीने १८९१ साली नायगावच्या बाजूचं एक तळं खंडाने घेतलं. तळ्यात मरळ मासे होते. मरळ पाण्याच्या घागरीत जिवंत राहते, म्हणून परळच्या गिरणीकामगारांच्या बायका आजारी माणसासाठी ती हौसेने नेत. तीन वर्षं तळ्याने दोघांना पोसलं.

मग एक दिवस नेहमीच्या गिऱ्हाईक गंगुबाईने चिरलेली मरळ मावशीच्या पाटीत आदळली. पोटात पांढऱ्या किड्यांची वेटोळी. "हे आमच्या बाळंतिणीला घालू काय गो?" परळभर बोंब झाली. किडे यांच्यातूनच येतात या संशयाने मावशीने बगळे हाकलले, गोगलगाई वेचल्या; नवसही बोलली. तरी प्रत्येक मासा किडकाच निघे. अखेर चुलीत राख उरली, आणि काका एका पहाटे शेजारच्या दत्तूच्या मचव्यावर गेले. मला त्यांचा राग आला, आणि तळ्याचा हट्ट न सोडणाऱ्या मावशीचा त्याहून जास्त.

त्याच सकाळी माझ्यासमोर तळ्याशेजारच्या डबक्यातल्या चार मरळी तिने कापल्या. पावसात तळं भरून वाहिलं की नुकती जन्मलेली पिल्लं तिथे वाहून जात आणि तिथेच वाढत. चारही स्वच्छ! तेच पाणी, तेच बगळे, त्याच गोगलगाई. मग तळ्यालाच काय धाड भरली होती?

मासे ती नेहमी तळ्याच्या दगडावर साफ करी. आताही सवयीने आतड्यांची मूठ तळ्यावर गेली, आणि तिथेच थांबली. आमच्यात माशाची घाण पाण्यालाच परत देतात. दर्याचं दर्याला, म्हणतात. दर्या ती दूर नेतो. तळं कुठे नेणार? तीन वर्षं आतडी, त्यांतल्या किड्यांसकट, तिने रोज त्याच माशांना चारली होती, आणि किडे वाढत गेले होते.

"मीच केलं गो हे," ती म्हणाली, आणि तशाच रक्ताळल्या हातांनी काकांना थांबवायला शिवडीच्या किनाऱ्याकडे पळत सुटली. मी मागे धावले. मचव्याचं शीड पार लांब गेलं होतं. मावशी कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि घसा फाटेपर्यंत ओरडली,

"हा तुजा नाय रे दर्या! हा माजा हाय!"