आवाज न करणाऱ्या गाडीविषयी

दिनांक १९ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेदहा वाजता गृहसंस्थेच्या मागील आवारातून दोन दारांची, निळी, बेचाळीस वर्षांची आणि उत्तम चालू स्थितीतील एक छोटी मोटार ‘विनावापर वाहन’ असा शेरा मारून भंगारात पाठवण्यात आली. मालक त्या वेळी कामावर होता. त्याला कोणीही विचारले नाही. हे आधी नोंदवणे भाग आहे, कारण संस्थेच्या इतिवृत्तात या घटनेच्या वाट्याला एकच ओळ आली आहे आणि त्या ओळीत मालकाचा उल्लेखसुद्धा नाही.

मालकाला सगळे कवळीकाका म्हणत. वय बावन्न. बाजारातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दंतवैद्यांनी पाठवलेल्या प्लास्टरच्या साच्यांवर तो तीस वर्षे लोकांच्या कवळ्या घडवत आला होता. “अर्ध्या केसाचा फरक राहिला, तरी माणूस जेवताना रडतो,” असे तो म्हणे आणि पुन्हा कानस उचली. लग्न केले नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची दहा वर्षांनी मोठी बहीण, एवढाच संसार.

ताईने शाळेत भूगोल शिकवला होता. चार वर्षांपूर्वी तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जाऊ लागली. आधी वस्तूंची नावे गेली, मग माणसांची आणि शेवटी भाऊ. घरात ती त्याला ‘अहो’ म्हणू लागली. पाहुण्याशी बोलावे तसे दिवसाकाठी दोन-तीन शब्द, की पुन्हा गप्प.

गाडीत मात्र निराळेच घडे. ती गाडी वडिलांची. ताई तीवरच चालवायला शिकली आणि धाकट्या भावाला रोज शाळेत सोडू लागली. आता भाऊ चालवी आणि ती शेजारी बसे. दुसरे वळण घेतले की तिचे ओठ हलू लागत. ती कोणाशी तरी बोलत असे, भरभरून बोलत असे. पण काय, ते कळायला मार्ग नव्हता. जिन्यावरून पत्रे ओढत न्यावेत तसा गाडीचा आवाज होता. इंजिन बंद केले की तीही थांबे. गाडी चालू असेल तरच ती बोलणार आणि गाडी चालू असली की काहीच ऐकू येणार नाही, असा हा पेच होता.

तेव्हा शेजाऱ्यांच्या तक्रारींना भिऊन त्याने गाडीचा आवाज कमी केला, असे कोणी समजू नये. तक्रारी अकरा होत्या, सगळ्या लेखी, आणि सगळ्या फलकावर लागल्या होत्या. सातवी तर गाडी वाकडी लावतो म्हणून होती. त्या त्याने मुकाट्याने गिळल्या. त्याला फक्त बहिणीचे बोलणे ऐकायचे होते.

सायलेन्सर जोडून देणारा एक वेल्डर होता, पाइपवाला. त्याने इंजिन चालू ठेवून, धूर सोडणाऱ्या टेलपाइपच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा दाबून धरला.

“काका, पाइप धड असता तर इंजिन घुसमटून बंद पडलं असतं. तुमचं बघा, मजेत चाललंय. धूर दुसऱ्याच वाटेनं पळतोय.”

“किती वाटा आहेत?”

“तुमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडात जेवढे दात नसतात तेवढ्या.”

प्रत्यक्षात तीन निघाल्या. इंजिनाला पाइप मिळतो तिथली सांधा बंद ठेवणारी चकती, गॅस्केट, जळली होती, सायलेन्सरचे पोट गंजून गेले होते आणि मधला जोड फाटला होता. शिवाय पाइप टांगणारे रबर तुटल्यामुळे तो गाडीच्या तळावर आपटत होता. सहा रविवार दोघे गाडीखाली लोळले. नवा सायलेन्सर आला, त्याच्या अलीकडे पाइपात आवाज शोषणारा आणखी एक छोटा डबा जोडला गेला. इंजिनाकडचा जोड कवळीकाकाने स्वतः घासला. काचेवर निळा रंग लावून पत्रा कुठे टेकतो, कुठे नाही, ते पाहायचे आणि उंचवटा कानशीने उतरवायचा. कवळीचा चावा तो असाच तपासत असे.

“काका, एवढं विमानालाही कोणी करत नाही,” पाइपवाला म्हणाला. “फक्त वाट फार अरुंद करू नका हं. श्वास कोंडला की चढावर म्हातारी बसकण मारेल.”

२६ ऑक्टोबरला, दुपारी चार वाजता, गाडी मागच्या फाटकातून बाहेर पडली आणि कोणाच्याही खिडकीचा पडदा हलला नाही. दुसरे वळण आले.

“टिल्ल्या, डबा घेतलास का?” ताई म्हणाली.

चार वर्षांत या नावाने त्याला कोणी हाक मारली नव्हती.

“घेतला, ताई.”

“खोटं बोलू नकोस. काल बाकावर विसरून आलास.”

त्यानंतर रोज चार वाजता, चाळीस मिनिटे. ती रागावे, नद्यांची नावे घोकून घेई, वडिलांना सांगेन म्हणून दम देई. एकदा त्याच्याकडे वळून म्हणाली, “रडतोस काय असा? पेपर अवघड होता?” तो म्हणाला, “थोडासा.” “मग पुढच्या वेळी नीट अभ्यास कर,” ती म्हणाली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटले. अशा चोवीस दुपारी त्याला मिळाल्या.

१ नोव्हेंबरला संस्थेने आवारातल्या न हलणाऱ्या वाहनांचा शोध सुरू केला. रीत अशी की वॉचमनने संशयित वाहनाच्या चारही चाकांभोवती जमिनीवर खडूने चौकट आखायची आणि पंधरा दिवसांनी चाके चौकटीतच दिसली तर वाहन बंद समजायचे. तशी सूचना फलकावर लागली होती. कवळीकाकाने फलक वाचणे केव्हाच सोडले होते, कारण तिथे त्याची निंदाच वाचायला मिळे. ही त्याची चूक, आणि ती मान्य केली पाहिजे.

त्या चौकटी पाहून त्याला वाटले, वाकडी लावतो म्हणून आपली जागा आखून दिली आहे. “बरं झालं, एकदाचं ठरवून टाकलं,” तो ताईला म्हणाला. तेव्हापासून रोज फेरीहून परतल्यावर तो गाडी तीन-तीनदा पुढे-मागे घेई, उतरून वाकून पाही आणि चारही चाके चौकटींत केसाचाही फरक न ठेवता बसवी. रेघ पुसट झाली, तर ती स्वतः गिरवी.

वॉचमन पुढच्या फाटकावर असे. मागून गाडी गेल्याचे त्याला आजवर कानानेच कळत आले होते. समितीने कागद पाहिले. २६ ऑक्टोबरनंतर एकही तक्रार नव्हती. चाके खुणांच्या आतच होती. निष्कर्ष निघाला आणि गाडी उचलली गेली.

दुपारी कामावरून आल्यावर त्याला चार रिकाम्या चौकटी दिसल्या. तो धावत अध्यक्षांकडे गेला. खजिनदारही तिथेच होते.

“अहो, पण ती मी रोज बाहेर नेतो!”

“कोणी ऐकलं?” अध्यक्षांनी विचारले.

“ऐकू येऊ नये म्हणून तर सहा रविवार घालवले!”

“मग चाकं खुणांबाहेर कशी गेली नाहीत?”

“मी बरोबर आत लावत होतो. तुम्हीच आखून दिल्या होत्या ना?”

खजिनदार फिसकन हसले. “काका, शाळेत रंग रेघेबाहेर जाऊ न देणारे ते तुम्हीच वाटतं!”

हे हसू इतिवृत्तात नाही.

तो भंगारवाल्याच्या आवारात पोहोचेपर्यंत गाडी गादीएवढ्या जाडीची झाली होती. सीट मात्र आधीच काढून एका बाजूला रचल्या होत्या. रफूवरून त्याने ताईची सीट ओळखली आणि टेम्पोतून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याने ती खिडकीपाशी ठेवून ताईला तीवर बसवले आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसला. बराच वेळ ती बाहेर पाहत राहिली. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या गृहस्थाने ओठ मिटून इंजिनासारखा आवाज काढायला सुरुवात केली, अगदी हळू, त्याने सहा रविवार खपून मिळवला होता तेवढाच. मानेनेच त्याने एक वळण घेतले. मग दुसरे.

ताई वळली. तिने त्याच्याकडे काळजीने, परक्याकडे पाहावे तसे पाहिले.

“अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? थांबा जरा. माझा धाकटा भाऊ येईल आता. तो गाडीतून नेईल तुम्हाला डॉक्टरकडे.”

“कधी येईल?” त्याने विचारले.

ती पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. त्या दिवसापासून ती एक अक्षरही बोललेली नाही.

संस्थेने दिलगिरीचे पत्र दिलेले नाही आणि ते आता नकोही आहे. वाचकांकडे मागणी एवढीच आहे: आपापल्या गृहसंस्थेच्या येत्या सभेत असा ठराव मांडा की मालकाच्या दारी जाऊन, त्याच्याशी समोरासमोर बोलल्यावाचून आणि त्याची सही घेतल्यावाचून आवारातले कोणतेही वाहन उचलले जाणार नाही. आणि तो मंजूर होईपर्यंत सभेतून उठू नका.